जुन्या टीव्हीला स्टिक जोडली, पण चित्र धड येत नाही

प्रश्न थोडक्यात असा: घरी २०१० साली घेतलेला ३२ इंची एलसीडी टीव्ही आहे. मुलाने फायर टीव्ही स्टिक, म्हणजे इंटरनेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारी बोटभर डबी, आणून दिली. कधी 'नो सिग्नल' येतं, कधी सगळं चित्र हिरवं-गुलाबी दिसतं, मेन्यूच्या कडा कापल्या जातात आणि मधूनच स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू होते. गावी आईकडे ट्यूबवाला टीव्ही आहे, तिथे स्टिकचं चित्र जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांवर आणणारा कन्व्हर्टर लावून पाहिला तर चित्र काळंपांढरं आलं. दोन्ही टीव्ही बदलावे लागतील का?

नाही. दोन्ही टीव्ही ठेवा. तुम्ही जे लिहिलंय त्यात टीव्ही बिघडल्याची खूण मला कुठेच दिसत नाही. कराडात १९९६ पासून माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी ट्यूबवाले, मग एलसीडी, आता एलईडी, सगळे हाताखालून गेले. स्टिकचं चित्र येत नाही म्हणून रिक्षात घालून आणलेले कितीतरी टीव्ही मी मागचं झाकण न उघडता परत पाठवलेत. त्या फेरीचे पैसे आणि टीव्हीला बसलेले धक्के फुकट जातात याचं मला वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. 'चित्र नीट येत नाही' एवढ्यावर थांबू नका, ते नेमकं कसं बिघडलंय ते बघा. अजिबात नाही, की येतं-जातं? रंग चुकलेत, की ठिपके चमकतात? मेन्यू दिसतो आणि सिनेमा लावला की काळं होतं? यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. चित्र बघून कारण ओळखायचं आणि मगच हात लावायचा. बहुतेक लोक उलट करतात. आधी केबल बदलतात, मग स्टिक बदलतात, शेवटी टीव्हीवर येतात. तोवर दोन-तीन हजार गेलेले असतात.

तुमच्या चार तक्रारींपैकी मी स्टिक पुन्हा पुन्हा सुरू होण्यापासून सुरुवात करतो, कारण ती दुरुस्त होईपर्यंत बाकीचं काही खात्रीने सांगता येत नाही. माझा अंदाज आहे की स्टिकची वायर तुम्ही टीव्हीच्याच यूएसबी पोर्टात खोचली आहे. तो पोर्ट पेन ड्राइव्हमधले फोटो बघण्यासाठी दिलेला असतो. जुन्या टीव्हीत तो ५ व्होल्टला साधारण ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. स्टिकच्या खोक्यात जो अडॅप्टर येतो तो निदान ५ वॉटचा असतो, थेट दुप्पट. नुसता मेन्यू उघडा असतो तोवर स्टिक तेवढ्यावर भागवते. वायफाय जोमाने चालू झालं, व्हिडिओ सुरू झाला, की तिची भूक वाढते, व्होल्टेज खाली बसतं आणि स्टिक कोलमडते. एक निवृत्त शिक्षक दोनदा स्टिक बदलून घेऊन तिसऱ्यांदा माझ्याकडे आले होते. मी मीटर लावला. व्हिडिओ सुरू होताक्षणी ५ चे ४.४ व्होल्ट झाले. खोक्यातला अडॅप्टर काढला, भिंतीतल्या सॉकेटला लावला, विषय संपला. अडॅप्टर हरवला असेल तर मोबाइलचा चांगला चार्जर चालतो. वायर मात्र बारीक, लांबलचक आणि स्वस्तातली घेऊ नका, बरंचसं व्होल्टेज तीच खाते.

अडॅप्टर लावून एक संध्याकाळ बघा. लोगोवर अडकणं, रिमोटला उशिरा दाद देणं, वायफाय सुटणं, ही दुखणी बऱ्याचदा तेवढ्यानेच जातात. कधी कधी 'नो सिग्नल'सुद्धा जातं.

नाही गेलं तर आतली गोष्ट समजून घ्यावी लागेल. स्टिक टीव्हीच्या ज्या पोर्टात बसते त्या एचडीएमआयच्या जोडणीत १९ पिना असतात आणि सगळ्या चित्रासाठी नसतात. टीव्हीच्या आत एक छोटी मेमरी चिप असते. 'मी अमुक कंपनीचा, मला एवढं रिझोल्यूशन (म्हणजे चित्रातले ठिपके) झेपतं, रंग असे समजतात, आवाज असा समजतो' असा टीव्हीचा परिचय तिच्यात लिहिलेला असतो. आम्ही त्याला ईडीआयडी म्हणतो. टीव्ही जोडलाय हे स्टिकला एका पिनेवरून कळतं, मग दोन बारीक तारांवरून ती हा परिचय वाचते आणि त्याप्रमाणे चित्र पाठवते. परिचय अर्धवट वाचला गेला, किंवा टीव्ही जागा होण्याआधीच स्टिकने वाचायला घेतला, की ती अंदाजाने काहीतरी पाठवते. जुना टीव्ही त्याकडे बघतो आणि 'नो सिग्नल' म्हणतो.

म्हणून क्रम पाळायचा. टीव्ही आणि स्टिक दोन्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. मिनिटभर थांबा. स्टिक पोर्टात नीट आत बसवा. आता फक्त टीव्ही चालू करा, रिमोटवरून तोच एचडीएमआय नंबर निवडा आणि पडदा स्थिर झाला की मग स्टिकला वीज द्या. अगदी साधी वाटते, पण ही युक्ती खूपदा कामाला येते. तरी नाही आलं तर दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात लावून बघा. जुन्या टीव्हीत सगळे पोर्ट सारखे नसतात. एखाद्यावर 'डीव्हीआय' असंही छापलेलं असतं, तो कॉम्प्युटर जोडण्यासाठी असतो आणि तिथे रंगांची गडबड जास्त होते.

भिंतीवरच्या बटणापासून बंद करा असं म्हणालो, ते कृपया मनावर घ्या. आपल्याकडे बऱ्याच घरांत टीव्हीला दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंगचा पत्ता नसतो, आणि त्याच टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची वायर लावलेली असते. त्या वायरच्या धातूला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात ना, तीच गळती एचडीएमआय जोडताना आतल्या नाजूक चिपमधून जायला बघते. माझ्याकडे मेलेले एचडीएमआय पोर्ट सर्वांत जास्त वळवाच्या पावसात येतात. वीज लांब कुठेतरी कडाडते आणि वायरीतून धक्का आत येतो. पाऊस-वारं सुटलं की प्लगही काढा आणि डिशची वायरही काढा.

पोर्टाबद्दल आणखी एक. स्टिक सरळ पोर्टात खोचली की तिचं वजन महिनोन्‌महिने पोर्टावर लोंबतं. भिंतीवर टांगलेला टीव्ही असेल तर ती भिंतीला रेटून वाकतेही. खोक्यात बोटभर लांबीची एचडीएमआयची जोडवायर मिळते, लोक ती बिनकामाची समजून खणात टाकतात. ती वापरा. पोर्टावरचा ताण जातो आणि टीव्हीच्या मागच्या पत्र्यापासून स्टिक जरा लांब गेल्याने वायफायही सुधारतं. स्टिक हलकेच हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर पोर्टाचं सोल्डर सुटलेलं असण्याची शक्यता मोठी. तेवढं काम मात्र दुकानातलं आहे. जवळच्या मेकॅनिककडे न्या आणि 'पोर्टाचा ड्राय सोल्डर बघा' एवढंच सांगा. 'बोर्ड बदलावा लागेल' असं त्याने न बघताच सांगितलं तर दुसरीकडे जा.

आता रिझोल्यूशन. तुमच्या टीव्हीवर 'एचडी रेडी' असं स्टिकर असेल, त्या काळच्या ३२ इंचीत ते सर्रास असायचं. म्हणजे पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. स्टिक सवयीने १०८०पी, म्हणजे १०८० ओळींचं, सेकंदाला ६० वेळा, असं चित्र पाठवते. टीव्ही ते घेतो आणि स्वतःच लहान करून ७६८ ओळींत बसवतो. १०८०पीसाठी केबलमधून १४८.५ मेगाहर्ट्झचा वेग लागतो, ७२०पीला बरोबर त्याच्या निम्मा, ७४.२५. जुना पोर्ट, थोडा गंजलेला संपर्क, सुमार केबल, हे सगळं ७४ ला निभावून नेतं आणि १४८ ला हात टेकतं. म्हणून जुन्या टीव्हीला मी स्टिक आधी ७२०पीवर लावतो. पडद्याला मुळात ७६८ ओळीच आहेत, तेव्हा तुमचं फारसं काही जात नाही. दहा फुटांवर बसून फरक ओळखणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

फायर टीव्हीत हे सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड साउंड्स, त्यात डिस्प्ले, त्यात व्हिडिओ रिझोल्यूशन इथे सापडतं. 'ऑटो' काढून ७२०पी ६० हर्ट्झ निवडा. नाही जमलं तर ५० हर्ट्झ. पण पडद्यावर काही दिसतच नसेल तर सेटिंग्जमध्ये जाणार कसं? त्यासाठी रिमोटवरचं वरच्या बाणाचं बटण आणि रिवाइंडचं बटण एकदम दाबून धरा, पाच-दहा सेकंद. स्टिक एकेक रिझोल्यूशन बदलून दाखवू लागते आणि प्रत्येकावर थोडा वेळ थांबते. चित्र दिसलं की तेच निवडा. दुसरा मार्ग जास्त सोपा आहे: शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीला स्टिक लावा, तिथे ७२०पी ठरवून टाका आणि मग घरी आणा.

पडद्यावर 'नो सिग्नल'ऐवजी 'मोड नॉट सपोर्टेड' असं काही आलं तर घाबरू नका, ती चांगली बातमी आहे. पोर्ट जिवंत आहे, केबल ठीक आहे, टीव्हीला ऐकू येतंय. फक्त त्याला न झेपणारं काहीतरी पाठवलं जातंय. तेव्हा नवीन केबल घ्यायला धावू नका, रिझोल्यूशन उतरवा.

हिरव्या-गुलाबी चित्राकडे येतो. ग्राहक इथे हमखास म्हणतो, 'पॅनल गेलं वाटतं.' पॅनल गेलं असतं तर टीव्हीचा स्वतःचा मेन्यूही तसाच दिसला असता. रिमोटवरून आवाज वाढवा. पडद्यावर येणारी आवाजाची पट्टी नेहमीच्या रंगात दिसली तर पॅनल ठणठणीत आहे.

मग रंग का चुकतात? एचडीएमआयवरून रंग दोन पद्धतींनी जातात. एकीत लाल, हिरवा, निळा असे तिन्ही सरळ पाठवतात. दुसरीत तारांच्या एका जोडीवरून उजेड जातो आणि उरलेल्या दोन जोड्यांवरून रंगांतला फरक. पहिलीला आरजीबी म्हणतात, दुसरीला वायसीबीसीआर. पाठवणाऱ्याने एक पद्धत वापरली आणि घेणाऱ्याने दुसरी समजली, की रंगांचा घोटाळा होतो. तो घोटाळाही ठरलेल्या रीतीने होतो, त्यामुळे नुसतं बघून सांगता येतं. काळा भाग जांभळट आणि पांढरा भाग हिरवट दिसत असेल तर स्टिक दुसऱ्या पद्धतीने पाठवतेय आणि टीव्ही आरजीबी समजून घेतोय. डीव्हीआय लिहिलेल्या पोर्टावर हे नेहमीचं. याच्या उलट, काळं हिरवट आणि पांढरं गुलाबी दिसत असेल तर स्टिक आरजीबी पाठवतेय आणि टीव्ही भलतंच समजतोय.

कधी हे दोन मिनिटांपुरतं असतं. परिचयाच्या देवाणघेवाणीत एखादी अडचण आली, इतकंच. वर सांगितलेल्या क्रमाने बंद-चालू केलं की जातं. वारंवार येत असेल तर स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'कलर फॉरमॅट' असा पर्याय असला तर 'ऑटो' काढून आरजीबी करून बघा, किंवा आरजीबी असेल तर दुसरं. काही टीव्हींमध्ये प्रत्येक इनपुटला नाव देता येतं, 'पीसी', 'डीव्हीडी', 'गेम' वगैरे. ते नुसतं नाव असतं असं वाटतं, पण काही टीव्ही 'पीसी' नाव दिलं की त्या पोर्टावरच्या चित्राला वेगळी वागणूक देतात. कधीतरी कुणी लॅपटॉप जोडताना तसं नाव दिलं असेल तर ते काढा.

पडद्यावर पांढरे ठिपके चमकत असतील, जसे रात्री काजवे, किंवा क्षणभर पडदा काळा होऊन परत येत असेल, तर मात्र केबल, जोडवायर किंवा पोर्टाचा संपर्क. डिजिटल चित्र अँटेनासारखं हळूहळू मुंग्या-मुंग्या होत खराब होत नाही. ते छान येतं, मग ठिपके उडू लागतात, मग एकदम जातं. म्हणूनच महागडी सोन्याचा मुलामा दिलेली केबल लावून रंग जास्त गडद किंवा चित्र जास्त स्पष्ट होत नाही. दुकानदार काहीही म्हणो, यावर पैसे घालवू नका. धड बसणारी, आखूड, साधी केबल पुरते.

कडा कापल्या जाण्याचं कारण मजेशीर आहे आणि ते एलसीडीच्याही आधीचं आहे. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राचा आकार व्होल्टेजप्रमाणे कमी-जास्त व्हायचा. संध्याकाळी गावात दिवे लागले, व्होल्टेज उतरलं, की चित्र आक्रसायचं आणि कडेला काळी पट्टी दिसायची. ती दिसू नये म्हणून कंपन्या चित्र मुद्दामच पडद्यापेक्षा थोडं मोठं ठेवत, कडा चौकटीच्या आड जात. आम्ही त्याला ओव्हरस्कॅन म्हणतो. कार्यक्रम करणारेही हे जाणून अक्षरं कडेपासून आत ठेवत. एलसीडी पडद्याला याची काहीच गरज नव्हती, तरी कंपन्यांनी सवय चालू ठेवली. तुमच्या मेन्यूच्या कडा तिथे जातात.

टीव्हीच्या रिमोटवर 'पिक्चर साइझ' किंवा 'अस्पेक्ट' असं बटण असेल. त्यात एलजीला 'जस्ट स्कॅन', सॅमसंगला 'स्क्रीन फिट', सोनीला 'फुल पिक्सेल' अशी नावं सापडतात. ते निवडलं की चित्र जसंच्या तसं बसतं. हा पर्याय एचडीएमआय इनपुटवर असतानाच दिसतो, केबल चॅनल लावून शोधलात तर मिळणार नाही. टीव्हीत तो नसेलच तर फायर टीव्हीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले' आहे. चार कोपऱ्यांतले बाण पूर्ण दिसेपर्यंत चित्र लहान करायचं. पण आधी टीव्हीत शोधा. स्टिकमधून लहान केलेलं चित्र टीव्ही पुन्हा ताणतो आणि अक्षरं किंचित मऊ पडतात.

तुमच्याकडे नसलेली, पण पुढे येऊ शकणारी एक तक्रार सांगून ठेवतो: मेन्यू दिसतो, आवाजही येतो, पण सिनेमा लावला की पडदा काळा. ही एचडीसीपीची कुलूपबंदी. नक्कल होऊ नये म्हणून पाठवणारा आणि घेणारा एकमेकांची किल्ली तपासतात. २०१० च्या तुमच्या टीव्हीत ते कुलूप आहे. मधे एखादा स्वस्तातला स्प्लिटर किंवा स्विच लावला असेल तर तोच अडतो, तो काढा. रंग फिके, धुऊन काढल्यासारखे दिसत असतील तर स्टिकमध्ये 'डायनॅमिक रेंज' नेहमी एचडीआरवर, म्हणजे नव्या टीव्हींसाठीच्या जास्त उजळ चित्रावर, ठेवलेली असेल, ती 'अडॅप्टिव्ह' करा किंवा बंद करा.

आता आईचा टीव्ही. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातला हाच भाग वाचून मी उत्तर लिहायला बसलो. ट्यूबवाल्या टीव्हीवर माझं पोट चाललं, घर उभं राहिलं. आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंगवळणी पडलेला टीव्ही हलवू नये असं माझं ठाम मत आहे.

काळंपांढरं चित्र आलं, म्हणजे नव्वद टक्के काम झालेलंच आहे. कन्व्हर्टर योग्य दिशेचा आहे, त्याला वीज मिळतेय, टीव्ही बरोबर इनपुटवर आहे. फक्त रंग पोचत नाहीत. याचं कारण त्या टीव्हीच्या जन्माइतकं जुनं आहे. रंगीत प्रक्षेपण सुरू करताना जगात सगळीकडे एक अडचण होती: लोकांच्या घरी काळेपांढरे टीव्ही होते, ते निकामी होऊन चालणार नव्हते. म्हणून काळ्यापांढऱ्या चित्राच्या सिग्नलला हात न लावता रंग त्याच्यावर वेगळ्या लहरीवर स्वार करून पाठवले. ज्याला ती लहर कळते त्याला रंग दिसतात, ज्याला कळत नाही तो काळंपांढरं दाखवतो. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा आपल्याकडे पाल पद्धत आली: ६२५ ओळी, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झवर. अमेरिका-जपानची एनटीएससी पद्धत वेगळी: ५२५ ओळी, सेकंदाला ३० चित्रं, रंगाची लहर ३.५८ वर. तुमचा कन्व्हर्टर एनटीएससी पाठवतोय. आईचा टीव्ही ओळी पकडतो, पण रंग तो ४.४३ वर शोधत बसतो.

कन्व्हर्टरच्या कडेला नखाने सरकवायचं एक इवलंसं बटण असतं, त्यावर 'पाल' आणि 'एनटीएससी' असं छापलेलं असतं. ते पालवर सरकवा. मग कन्व्हर्टरची वीज काढून पुन्हा लावा, कारण पुष्कळ कन्व्हर्टर ते बटण फक्त चालू होताना बघतात. लोक बटण सरकवतात, फरक पडत नाही म्हणून परत सरकवतात आणि कन्व्हर्टर खराब म्हणून टाकून देतात. रंग तरीही नाही आले तर टीव्हीच्या मेन्यूत 'कलर सिस्टम' बघा, 'ऑटो' किंवा 'पाल' हवं. कोकणात पुष्कळ घरांत आखातातून आणलेले मल्टिसिस्टम टीव्ही आहेत, त्यांना दोन्ही पद्धती कळतात, तिथे हा प्रश्न येतच नाही.

काळ्यापांढऱ्याचं आणखी एक कारण असू शकतं. थोड्या नंतरच्या ट्यूबवाल्या टीव्हींना मागे पिवळ्या जॅकशिवाय हिरवा, निळा आणि लाल असे आणखी तीन जॅक असतात, ते डीव्हीडी प्लेअरच्या कॉम्पोनंट जोडणीचे. पिवळी पिन चुकून हिरव्या जॅकमध्ये गेली की चित्र दिसतं, पण रंगाशिवाय. टीव्हीच्या मागे अंधारात हात घालून जोडताना हे सहज होतं. टॉर्च घेऊन बघा.

कुणी नव्याने कन्व्हर्टर घेणार असेल तर दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एचडीएमआय आत आणि तीन पिना बाहेर, असा हवा. दिसायला हुबेहूब तसाच, पण उलट दिशेचा डबाही मिळतो, त्यावर बाणाची दिशा छापलेली असते. आणि एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी पिन, मधे काहीच नाही, अशी नुसती वायर मिळते. ती स्टिकला कधीच चालत नाही. डिजिटल चित्र अॅनलॉग करायला आत चिप लागते आणि त्या चिपला स्वतःची ५ व्होल्टची वीज लागते. पुण्यात तपकीर गल्लीत घ्या की मुंबईत लॅमिंग्टन रोडला, विकत घेण्याआधी तिथेच चालवून दाखवायला सांगा.

पुढे कधी सेट टॉप बॉक्सची, एका टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन असलेली वायर वापरलीत तर एक खोच सांगतो. त्या बारीक पिनेवर चार कप्पे असतात आणि कुठल्या कप्प्यात चित्र, कुठल्यात आवाज, हे सगळ्या कंपन्यांचं एक नाही. चित्र नाही आणि स्पीकरमधून सलग घर्रर्र आवाज, असं झालं की समजायचं, चित्र आवाजाच्या पिनेत गेलंय. तिन्ही पिना आळीपाळीने पिवळ्या जॅकमध्ये लावून बघा. पुष्कळदा लाल पिनेवर चित्र सापडतं. यात काही जळत नाही.

रंग आले की दुसरी गोष्ट खटकेल: माणसं उंच आणि बारीक दिसतील. स्टिकचं चित्र रुंद, १६:९ प्रमाणाचं. आईच्या टीव्हीचा पडदा ४:३. कन्व्हर्टर रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबून त्यात बसवतो. काही ट्यूबवाल्या टीव्हींच्या मेन्यूत '१६:९' असतं. ते लावलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चेहरे गोल होतात. टीव्हीत नसेल तर कन्व्हर्टर घेताना असं बटण असलेला शोधावा. तोही नाही मिळाला तर सवय होते, पण मला स्वतःला ते बघवत नाही. आपल्या आवडत्या नटाचा चेहरा लांबुळका दिसावा, हे काही बरोबर नाही.

अक्षरं मात्र बारीक आणि थरथरती दिसणारच. पाल चित्रात प्रत्यक्ष दिसणाऱ्या ओळी ५७६ असतात आणि त्याही एकाआड एक काढल्या जातात. शिवाय पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्रच जातात, म्हणून लाल अक्षरांच्या कडा पसरतात. हा दोष नाही, त्या वायरीची तेवढीच ताकद आहे. सबटायटल वाचणं जड जाईल, तेव्हा मराठी बोलणारं लावा. शोधण्यासाठी अक्षरं टाइप करण्यापेक्षा रिमोटवरच्या माइकचं बटण वापरायला शिकवा.

टीव्ही इतका जुना असेल की पिनांचे जॅकच नाहीत, नुसतं अँटेनाचं भोक आहे, तर आधी समोरच्या बाजूची छोटी झडप उघडून बघा, काहींचे जॅक तिथे दडलेले असतात. तिथेही नसतील आणि माळ्यावर जुना व्हीसीआर पडला असेल तर तो खाली काढा. कन्व्हर्टरच्या पिना व्हीसीआरच्या एव्ही इनमध्ये, व्हीसीआरच्या आरएफ आऊटमधून वायर टीव्हीच्या अँटेनात, आणि टीव्हीवर ते चॅनल ट्यून करायचं. कॅसेट चालत नसली तरी चालेल, त्याच्या आतला मॉड्युलेटर, म्हणजे चित्र अँटेनाच्या लहरीवर चढवणारा भाग, तेवढा जिवंत हवा.

आणि काहीही झालं तरी ट्यूबवाल्या टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. रंगीत ट्यूबच्या काचेवरच्या त्या रबरी टोपीखाली वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते तिथे दबा धरून राहतात. आमच्या धंद्यातल्या जाणत्या माणसांनाही त्याने फेकून दिलेलं मी पाहिलंय.

गावी जाण्याआधी एवढं करा. आईची स्टिक आधी तुमच्या घरच्या टीव्हीला लावा. खातं उघडून ठेवा, रिमोट जुळवा, रिझोल्यूशन ७२०पी करा, आईला जे बघायला आवडतं ते पहिल्या पानावर आणून ठेवा. तिथलं इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येणार असेल तर तोही घरीच जोडून बघा, कारण तिथल्या थरथरत्या पडद्यावर पासवर्ड टाइप करणं फार त्रासाचं होतं. सोबत दोन अडॅप्टर न्या, एक स्टिकला, एक कन्व्हर्टरला. एकाच अडॅप्टरवर दोघांना लावू नका. तिथे गेल्यावर तिन्ही पिना बसल्या की त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे झाडू मारताना निघणार नाहीत. आणि आईच्या टीव्हीच्या रिमोटवर 'एव्ही' असं बटण शोधा आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. वीज जाऊन आली की टीव्ही आपोआप केबलच्या चॅनलवर जाईल, तेव्हा आईला फोनवर एवढंच सांगावं लागेल: लाल ठिपका दाब.